टेपच्या खाली काय आहे, ते आधी बघा

प्रश्न: मी शाळेतल्या मुलींच्या व्हॉलीबॉल संघाला शिकवतो. मुली १४ ते १७ वयाच्या आहेत. आमच्या सेटरचा, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणाऱ्या मुलीचा, उजवा घोटा या हंगामात दोनदा मुरगळला, दुसऱ्यांदा मुरगळून पंधरा दिवस झाले. तीन आठवड्यांनी आमचा महत्त्वाचा सामना आहे. टेप लावून तिला खेळवावं असं मला वाटतं, पण तिची आई म्हणते की टेपची सवय लागली की पाय कमजोर होतो. गेल्या आठवड्यात आणखी एका मुलीचा पाय जाळ्याजवळ मुरगळला. राखीव खेळाडू नव्हती, म्हणून टेप गुंडाळून तिला परत उतरवलं. सेट संपेपर्यंत तिच्या पायाची बोटं बधिर झाली होती. आता तर सगळ्याच मुली त्या निळ्या-गुलाबी पट्ट्या मागू लागल्या आहेत. टेप नक्की कुणाला लावायची, कशी लावायची, आणि ब्लॉक करताना, म्हणजे जाळ्यावर चेंडू अडवताना, हाताची बोटं दुखावतात त्यांचं काय करायचं?

उत्तर: सर, सेटरबद्दल सविस्तर लिहितेच, पण आधी त्या दुसऱ्या मुलीबद्दल बोलू. तिचं काम आज व्हायला हवं.

पाय मुरगळला की टेप गुंडाळायची आणि खेळाडूला परत आत पाठवायचं, हे मैदानावर नेहमी दिसतं. मला त्याची काळजी वाटते. त्या क्षणी अंग तापलेलं असतं, सामना रंगात आलेला असतो, त्यामुळे दुखणं पुरतं जाणवतच नाही. आतलं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड जोडणारा चिवट पट्टा, नुसतं ताणलंय, अर्धवट फाटलंय, की हाडाला तडा गेलाय, हे त्या पाच मिनिटांत कुणालाच सांगता येत नाही. मुलगी ‘मी खेळते सर’ म्हणते, आणि ते खरंच मनापासून म्हणते, म्हणून तर निर्णय तिच्यावर सोडायचा नसतो. पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात घोट्यात सूज भरू लागते. बाहेरून टेप हलत नाही, आतून सूज वाढत राहते, आणि मधल्या नसा व रक्तवाहिन्या दाबल्या जातात. तिची बोटं बहुधा अशीच बधिर झाली.

बधिरपणा टेप काढल्यावर थोड्याच वेळात गेला असेल तर ठीक. अजूनही मुंग्या येत असतील, पाऊल गार पडत असेल किंवा बोटं नीट हलत नसतील, तर तिला आजच डॉक्टरांकडे न्या. बधिरपणा गेला असला तरी घोटा तपासायचा राहिलाच आहे. त्यासाठी कॅनडातल्या ओटावा शहरात डॉ. इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली मांडलेले नियम आजही जगभर वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी टेंगळासारखी हाडं आहेत, त्यांची टोकं आणि मागच्या कडा टोकापासून ६ सेंमी वरपर्यंत बोटाने दाबून बघायच्या. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत साधारण मधोमध जे हाड वर आलेलं असतं, तिथे दाबायचं. आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दाबायचं. यापैकी कुठेही हाडावरच दुखलं, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही तिला चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचा. तुमच्या मुली वाढत्या वयाच्या आहेत. या वयात हाडाच्या टोकाजवळची वाढीची चकती लिगामेंटपेक्षा नाजूक असू शकते. मोठ्या माणसाचं लिगामेंट फाटेल अशा झटक्याने मुलांमध्ये ती चकतीच दुखावू शकते. म्हणून घोट्याच्या बाहेरच्या हाडावर दाबून दुखत असेल, तर ‘मुरगळलाय, होईल बरा’ म्हणून सोडू नका.

संघासाठी एक नियम करून टाका. ज्या दिवशी पाय मुरगळला त्या दिवशी त्या मुलीचा खेळ संपला. बूट काढा, पाय उंचावर ठेवा, बोटांकडून वर पोटरीकडे साधं क्रेप बँडेज बांधा. ते ताणलं जातं, त्यामुळे सुजेला थोडी जागा मिळते. दुखणं कमी व्हावं म्हणून कापडात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटं लावायला हरकत नाही. ताज्या, सुजत चाललेल्या घोट्याभोवती न ताणणारी टेप गोल गुंडाळायची नाही. राखीव खेळाडू नसेल तरीही नाही.

आता टेप करते काय, ते बघू. हे नीट समजलं की तुमच्या बाकीच्या प्रश्नांची अर्धी उत्तरं मिळतात.

व्हॉलीबॉलमध्ये घोटा बहुतेक वेळा जाळ्याजवळ मुरगळतो. ब्लॉकसाठी किंवा स्मॅशसाठी उडी मारलेली मुलगी खाली येताना समोरच्या संघातल्या नाहीतर आपल्याच संघातल्या कुणाच्या तरी पायावर उतरते. चवडा खाली झुकलेला असतो, तळवा आतल्या बाजूला वळतो आणि शरीराचं सगळं वजन घोट्याच्या बाहेरच्या कडेवर येतं. तिथे तीन लिगामेंट आहेत. त्यातलं पुढचं, म्हणजे बाहेरच्या हाडापासून पावलाकडे तिरकं जाणारं, सगळ्यात आधी तुटतं. जोर जास्त असेल तर त्याच्या मागचं, टाचेच्या हाडाला जोडणारंही जातं. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता सर्वात जास्त असते, आणि तिथे लिगामेंटच्या ढिलेपणाइतकाच आणखी एका गोष्टीचा हात असतो. आपलं पाऊल कुठे आहे, किती कललंय, ही खबर मेंदूला देणारी यंत्रणाही दुखावलेली असते. पाऊल वाकडं पडतंय हे त्या मुलीला उशिरा कळतं.

कडक टेप दोन कामं करते. पाऊल टोकापर्यंत आत वळायला लागलं की ती अडवते. आणि त्वचेवर ताण देऊन पाऊल कललंय याची जाणीव थोडी लवकर करून देते. पण अडवण्याचं काम ती फार वेळ तितक्याच जोमाने करत नाही. खेळायला लागून पंधरा-वीस मिनिटं झाली की घामाने आणि हालचालीने तिचा आवळ बराच सैल पडतो. १९६० च्या दशकापासूनच्या चाचण्यांमध्ये हे दिसत आलं आहे. तरीही टेप लावलेल्या खेळाडूंमध्ये घोटे कमी मुरगळतात, म्हणजे सैल पडल्यावरही ती काहीतरी राखते. टेप फाटलेलं लिगामेंट सांधत नाही, सूज उतरवत नाही, स्नायूंना बळ देत नाही. घोटा आतून तयार होईपर्यंत ती पहारा देते. म्हणून टेपखाली कसा घोटा आहे, हा माझा पहिला प्रश्न असतो. बरा होत आलेला, व्यायाम चालू असलेला घोटा असेल तर टेप उपयोगाची. नुकताच मुरगळलेला, न तपासलेला घोटा असेल तर तीच टेप दुखापत झाकून ठेवते.

मग कुणाला लावायची? जिचा घोटा गेल्या वर्षभरात मुरगळला आहे तिला, सराव आणि सामने दोन्हींच्या वेळी. दुखापतीनंतर निदान सहा महिने, जमल्यास वर्षभर. टेपबद्दल सर्वात भक्कम पुरावा याच खेळाडूंबाबत आहे. १९७३ साली गॅरिक आणि रेक्वा यांनी महाविद्यालयातल्या बास्केटबॉल खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे चित्र फारसं बदललेलं नाही. ज्यांना कधीच काही झालं नाही त्यांनाही आधाराचा फायदा होऊ शकतो. २०११ साली अमेरिकेत मॅकग्वाइन आणि सहकाऱ्यांनी माध्यमिक शाळांमधल्या १,४६० बास्केटबॉल खेळाडूंचा अभ्यास केला. लेस बांधायचा अँकल ब्रेस, म्हणजे घोट्यावर चढवायचा तयार आधार, घालणाऱ्यांमध्ये घोट्याच्या दुखापतींचं प्रमाण न घालणाऱ्यांच्या सुमारे एक-तृतीयांश निघालं, आधी घोटा दुखावलेला असो वा नसो. ज्यांना ब्रेस घालूनही दुखापत झाली त्यांच्या दुखापतीची तीव्रता मात्र कमी झाली नव्हती.

या अभ्यासात वापरला तो ब्रेस होता, टेप नव्हती. तुमच्यासारख्या एकट्याने संघ सांभाळणाऱ्या माणसाला मी तर ब्रेसच सुचवीन. तो मुलीला स्वतःचा स्वतः घालता येतो, सेटच्या मधे लेस आवळून पुन्हा घट्ट करता येतो, त्वचेला गोंद लागत नाही आणि हंगामभर चालतो. टेपला दर वेळी सरावाचा हात आणि दहा मिनिटं लागतात. ब्रेस बुटात बसत नसेल, मिळत नसेल किंवा मुलीला तो घालून खेळणं जमतच नसेल, तर टेप.

टेप लावायचीच, तर ती शिकून लावा. एखाद्या फिजिओकडून समोर बसून शिका आणि स्वतःच्या हाताने काही वेळा करून त्यांच्याकडून तपासून घ्या. खाली लिहिते ते त्या शिकण्याला पूरक म्हणून.

साधारण ३८ मिमी रुंदीची, न ताणणारी झिंक ऑक्साइडची टेप घ्या. मुलीला टेबलावर असं बसवा की अर्ध्या पोटरीपासून पुढचा पाय टेबलाबाहेर येईल. पाऊल नडगीशी काटकोनात, आणि शेवटची पट्टी लागेपर्यंत ते तिथेच हवं. बोलता बोलता मुली पाऊल सैल सोडतात. ते खाली लोंबकळलं की पुढच्या सगळ्या पट्ट्या चुकीच्या कोनात बसतात आणि उभं राहिल्यावर काचतात. त्वचा धुऊन पूर्ण कोरडी, त्यावर क्रीम किंवा तेल नको. केस काढायचे तर आदल्या दिवशी. ऐन वेळी वस्तरा फिरवला तर घामाने आग होते. घोट्याच्या पुढच्या घडीवर आणि मागच्या जाड शिरेवर, म्हणजे टाचेच्या वरच्या टेंडनवर, पेट्रोलियम जेली लावलेला मऊ गॉजचा तुकडा ठेवा. फोड याच दोन जागी येतात. त्यावर पातळ फोमच्या अंडररॅपचा एकच थर. दोन-तीन थर दिले तर टेप घोट्याला न धरता फोमवरच सरकत बसते.

पहिल्या दोन पट्ट्या पायाच्या, पोटरीचा मांसल भाग संपतो तिथे, घोट्याच्या हाडाच्या साधारण १० ते १२ सेंमी वर. या ओढायच्या नाहीत, नुसत्या ठेवायच्या. टोकं पुढे एकमेकांवर येऊ द्या. एक पट्टी पावलाच्या मध्यावर, तीही न ओढता, कारण उभं राहिल्यावर पाऊल पसरतं. बोटं बधिर झालेल्या त्या मुलीला टेप काचायला हेही एक कारण असू शकतं.

मग मुख्य काम करणाऱ्या पट्ट्या, ज्यांना स्टिरप म्हणतात. वरच्या पट्टीच्या आतल्या बाजूने सुरुवात, आतल्या घोट्यावरून खाली, टाचेच्या तळाखालून, आणि तिथून बाहेरच्या बाजूने वर. जोर फक्त बाहेरच्या बाजूने वर येताना लावायचा. पाऊल आत वळू नये हा सगळा खटाटोप आहे, म्हणून दिशा नेहमी आतून बाहेर. उलट लावलेली टेप पावलाला नको तिकडेच ओढते, आणि घाईत हे उलटं लावणं फार सहज होतं. अशा तीन पट्ट्या, प्रत्येक आधीच्या पट्टीच्या निम्म्यावर. त्यानंतर टाच दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे हील लॉक. हे कागदावरून जमत नाही, प्रत्यक्ष बघूनच शिकावे लागतात. शेवटी खालून वर, एकमेकींवर निम्म्या येणाऱ्या, सुट्या पट्ट्यांनी उघडी जागा बंद करायची. सुट्या हा शब्द लक्षात ठेवा. रोल हातात धरून गोल गोल गुंडाळत गेलं की प्रत्येक वेढ्याबरोबर आवळ वाढतो आणि हाताला ते कळत नाही. प्रत्येक पट्टी फाडा आणि मग पुढची लावा.

झालं की मुलीला उभी करा, चालवा, चवड्यावर उठवा. अंगठ्याचं नख दाबून सोडा. पांढरं पडलेलं नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. बोटं हलतायत का, मुंग्या येतायत का, विचारा. पावलाच्या बाहेरच्या कडेचं ते वर आलेलं हाड दुखतंय का, हेही विचारा, कारण पट्टीची कड बरोबर तिथे रुतते. काहीही खटकलं तर पूर्ण काढून नव्याने लावा. वरून कात्रीने चीर देऊन वेळ मारून नेऊ नका. पहिल्या सेटनंतर पुन्हा एकदा नख दाबून बघायची सवय ठेवा.

सामना संपला की टेप निघालीच पाहिजे. ती लावून घरी जायचं नाही, झोपायचं तर मुळीच नाही. टोक बोथट असलेली कात्री आतल्या घोट्याच्या मागच्या मऊ खोबणीतून चालवा, हाडावरून नको. मग एका हाताने त्वचा दाबून धरत टेप स्वतःवरच दुमडत, केसांच्या दिशेने हळूहळू सोडवा. खसकन ओढली तर या वयात साल निघते. खाली टेपच्या आकाराचा लाल, खाजरा चट्टा दिसला तर तिला गोंदाची ॲलर्जी असू शकते. काही टेपच्या गोंदात राळ असते, ती कित्येकांना सोसत नाही. अशा मुलीला ती टेप पुन्हा लावू नका, मोज्यावरून ब्रेस द्या. जखम किंवा पुरळ असलेल्या त्वचेवर, आणि जिला पायाची संवेदना कमी आहे अशा कुणालाही, टेप लावू नका.

निळ्या-गुलाबी पट्ट्यांचं थोडक्यात सांगते. जपानमधल्या केन्झो कासे यांनी १९७० च्या दशकात ती ताणली जाणारी टेप तयार केली आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या अंगावर ती जगभर दिसली. ती ताणली जाते, म्हणूनच मुरगळणारा घोटा ती अडवू शकत नाही. काहींना थोडा वेळ दुखणं कमी झाल्यासारखं वाटतं, पण दुखापत टळते असं आजवरच्या अभ्यासांतून ठामपणे निघालेलं नाही. ज्यांना आवडते त्यांनी लावावी, त्वचेला त्रास नसेल तर अपाय नाही. मात्र जिचा घोटा मुरगळून गेलाय तिने कडक टेप किंवा ब्रेसच्या जागी ती लावली, तर तिला संरक्षण मिळालंच नाही. हा फरक मुलींना समोर बसवून, दोन्ही टेप हाताने ओढून दाखवा. लगेच पटेल.

हाताच्या बोटांचं मात्र नीट ऐका, कारण तिथे प्रशिक्षकांच्या नजरेतून गंभीर दुखापती निसटतात. ब्लॉक करताना चेंडू बोटाच्या टोकावर आदळतो, मधला सांधा सुजतो. हाड शाबूत असेल आणि बोट सरळ असेल, तर शेजारच्या बोटाचा आधार देऊन खेळता येतं. दोन बोटांच्या मधे गॉजचा पातळ तुकडा ठेवा, नाहीतर घामाने त्वचा भिजून सोलते. अरुंद टेपच्या दोनच पट्ट्या लावा, एक मधल्या सांध्याच्या खाली आणि एक वर. सांधे मोकळे राहिले पाहिजेत आणि मूठ वळली पाहिजे. सेटरला हे जड जाईल, कारण तिचं सगळं काम बोटांच्या सुट्या हालचालीवर चालतं. त्यापेक्षा तिने एक-दोन सराव न खेळणं परवडतं.

पण टेपला हात लावण्याआधी तीन गोष्टी बघा. बोटाचं टोक खाली झुकलंय आणि मुलीला ते स्वतःहून सरळ करता येत नाही, तर टोक सरळ करणारं टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, तुटलंय. त्याला साधारण सहा ते आठ आठवडे स्प्लिंटमध्ये सतत सरळ ठेवावं लागतं आणि मधे एकदा जरी वाकलं तरी बरं होत आलेलं पुन्हा सुटू शकतं. शेजारच्या बोटाला बांधून ते भरत नाही. उलट, बाकीचं बोट वळतंय पण टोक वाकवताच येत नसेल, तर तळहाताच्या बाजूचं टेंडन गेलंय, आणि तिथे दिवस महत्त्वाचे असतात. तिला लगेच हाताच्या सर्जनकडे पाठवा. तिसरं, मूठ वळल्यावर एक बोट दुसऱ्यावर चढत असेल तर हाड मोडून फिरलेलं असू शकतं. आणि निखळलेलं बोट मैदानावर कुणीही ओढून बसवू नये. ‘आम्ही नेहमी बसवतो’ म्हणणारं कुणी ना कुणी जवळ असतंच. त्यांना नम्रपणे थांबवा.

आता सेटरच्या आईबद्दल. त्यांची शंका रास्त आहे आणि ती बऱ्याच पालकांना असते. पण काही आठवडे आधार वापरल्याने घोट्याचे स्नायू मंद होतात का, हे तपासलं गेलं आहे आणि तसं आढळलेलं नाही. घोटा कमजोर राहतो तो टेपमुळे नाही, टेप आहे म्हणून व्यायाम सोडून दिल्यामुळे. त्यांना भेटा आणि सांगा की टेप खेळापुरती लावू, आणि व्यायाम रोज टेपविना करून घेऊ. शब्द दिलात तर पाळा.

तो व्यायाम सगळ्या संघाला लावा, सरावाची पहिली दहा मिनिटं, आठवड्यातून तीनदा, हंगामभर. एका पायावर अनवाणी ३० सेकंद उभं राहणं. ते सोपं झालं की डोळे मिटून. मग जोडीने समोरासमोर एकेका पायावर उभं राहून चेंडू झेलणं. मग दुमडलेल्या जाड चटईवर तेच. चवड्यावर उठणं, आधी दोन पायांनी, मग एका. रबर बँडला पाऊल अडकवून बाहेरच्या बाजूला ओढणं. नेदरलँड्समध्ये व्हॉलीबॉल संघांवर व्हरहाखेन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तोल सांभाळण्याच्या फळीवरच्या व्यायामाने घोटे मुरगळणं कमी झालं, तेही आधी मुरगळलेल्या खेळाडूंमध्येच. त्याच अभ्यासात ज्यांचे गुडघे पूर्वी दुखले होते त्यांच्यात गुडघेदुखी वाढली. म्हणून गुडघ्याची तक्रार असलेल्या मुलीला हे हळू वाढवत न्या आणि दर आठवड्याला विचारत राहा.

आणि उतरणं शिकवा. १९९७ साली नॉर्वेतल्या बार आणि सहकाऱ्यांनी उडी व उतरण्याचं तंत्र, तोलाचे व्यायाम आणि खेळाडूंना जोखमीची माहिती असं सगळं मिळून राबवलं, तेव्हा व्हॉलीबॉलमधल्या घोट्याच्या ताज्या दुखापती जवळपास निम्म्या झाल्या. तुमच्या स्मॅशर मुली शेवटचं पाऊल आखूड टाकून जाळ्याच्या दिशेने पुढे उडी मारतात का, बघा. शेवटचं पाऊल लांब पडलं की उडी सरळ वर जाते आणि मुलगी मध्यरेषेच्या अलीकडेच उतरते. दोघींनी मिळून ब्लॉक करताना बाजूला सरकत येणारी मुलगी जोडीदाराच्या पायावर उतरते, त्याचा वेगळा सराव घ्या. माझ्या मते तुमच्याकडे असलेलं हे सगळ्यात मोठं साधन आहे, आणि ते फिजिओकडे नसतं.

शेवटी तो सामना. सेटर तेव्हा दुसऱ्या दुखापतीनंतर पाच आठवड्यांवर असेल. हाडाची दुखापत नसेल तर शक्य आहे, पण तारीख बघून ठरवू नका. एका मोसमात दोनदा मुरगळल्यामुळे तिचा घोटा एकदा फिजिओने हाताने तपासायला हवा. नंतर चाचण्या घ्या, आणि त्या टेपविना घ्या. भिंतीसमोर पाऊल ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला लावता आला पाहिजे आणि पाऊल भिंतीपासून दोन्ही पायांच्या वेळी साधारण सारख्याच अंतरावर राहिलं पाहिजे. दुखऱ्या पायाने चवड्यावर उठणं दुसऱ्या पायाइतकंच जमलं पाहिजे. एका पायाने पुढे उडी, आजूबाजूला उड्या, मग धावत दिशा बदलणं, मग जाळ्याजवळ ब्लॉकची उडी. यातलं काही दुखतंय म्हणून टेप लावून करून घ्यावं लागलं, तर ती सामन्याला तयार नाही. सगळं जमलं तर टेप किंवा ब्रेस घालून निदान दोन पूर्ण सराव खेळवा आणि दोन्हींच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घोटा हाताने बघा. सूज नको, लंगडणं नको.

सुरुवातीला ती मागच्या ओळीत असताना खेळवा आणि पुढच्या ओळीत, जाळ्याजवळ ब्लॉकला जायची वेळ आली की बदली करा, म्हणजे धोक्याच्या उड्या कमी होतील. त्यासाठी, आणि ती चाचण्यांत उतरली नाही तर त्यासाठीही, दुसरी सेटर लागेल. ती कोण हे आजच ठरवा आणि उद्याच्या सरावापासून तिला सेटिंगला उभी करा.